शालू हिरवाच होता

शनिवार : चाळीसगाव

सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला भरतो. त्या निमित्ताने अमळनेरला मामाकडे जायचं, जाता-येता खान्देश बघायचा आणि फोटो असे काढायचे की ते फिल्मवर काढल्यासारखे वाटावेत, असा बेत करूनच नाशिकहून निघालो. कॅमेरा डिजिटलच, मिररलेस. त्याला अडॅप्टर लावून जोडलेली जुनी सोव्हिएत लेन्स, हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटरची. तिला ऑटोफोकस नाही, आणि समोरून ऊन आलं की चित्र थोडं दुधाळ होतं. मला नेमकं तेच हवं होतं.

मोबाईलवर एक बोट फिरवलं की फोटो पिवळा पडतो, वर ओरखडे येतात, कोपरे काळवंडतात आणि त्याला सगळे विंटेज म्हणतात. पण फिल्मवरचा फोटो ज्या दिवशी लॅबमधून पाकिटात घालून हातात पडायचा, त्या दिवशी तो पिवळा नसायचा. पिवळेपणा नंतरच्या वर्षांनी आणला. मला त्या पहिल्या दिवशीचा फोटो हवा आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळंच बिघडतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून नाशिक सोडण्यापूर्वीच कॅमेऱ्याची काही बटणं बांधून टाकली. रोल एकदा घातला की आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची ताकद, ठरलेला असे, म्हणून ४०० वर कायम. बहुतेक रंगीत रोल दिवसाच्या उजेडासाठी, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास बेतलेले असत, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते माप, ५५०० वर कायम. पिवळ्या बल्बखालचा फोटो केशरी यायचा, ट्यूबलाइटखालचा हिरवट यायचा, सावलीतला निळसर यायचा, ते सगळं यामुळेच. ऑटो व्हाइट बॅलन्स हे रंग दर फोटोला परत सरळ करत बसतो आणि फिल्मचा निम्मा स्वभाव तिथेच पुसला जातो. बाकी फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. या सगळ्यातली एकच गोष्ट कुणाला करायची असेल तर व्हाइट बॅलन्स बांधा, एवढंच सांगेन.

चाळीसगावला उतरलो ते फोटोग्राफर केकी मूस यांच्या घरासाठी. स्टेशनपासून अगदी जवळ. मूस (१९१२-१९८९) इंग्लंडला फोटोग्राफी शिकून आले आणि इथे या घरात राहिले ते जवळजवळ बाहेर न पडता, अनेक दशकं. पंजाब मेलने येणाऱ्या कुणाची तरी ते रोज वाट पाहत, ही गोष्ट चाळीसगावात कुणीही सांगतो. मला मात्र त्या गोष्टीपेक्षा त्यांचं टेबल जास्त ओढून घेतं. टेबल-टॉप फोटोग्राफी हा त्यांचा हातखंडा. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड असा टाकायचा की बघणाऱ्याला वाटावं हा कुठला तरी दूरचा मुलुख आहे. घराबाहेर न पडणारा माणूस टेबलावर निसर्ग उभा करत होता, आणि हे काम बटण दाबायच्या आधीच पुरं झालेलं असायचं.

मी त्या कृष्णधवल फोटोंसमोर बराच वेळ उभा राहिलो. जवळून पाहिलं की लक्षात येतं, त्यातला काळा रंग खराखुरा काळा आहे. हल्ली 'फिल्म लुक' म्हणून सावल्या राखाडी करून टाकायची पद्धत पडली आहे. जुन्या माणसाने नीट केलेल्या प्रिंटमध्ये काळा खोल असतो आणि त्या काळ्याच्या आतही काहीतरी दिसत असतं. हे पाहून माझा कर्व्ह, म्हणजे फोटोतल्या काळ्या-पांढऱ्याचा चढ ठरवणारी रेघ, तिथेच बदलला: काळ्याचा बिंदू वर उचलायचा तर केसभरच.

रात्री शेवभाजी आणि भाकरी. तर्री पाहून डोळ्यांत आधीच पाणी येतं, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

रविवार : पाटणादेवी

चाळीसगावपासून पाटणादेवी अर्ध्या-पाऊण तासावर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. सातमाळ्याचे डोंगर तिन्ही बाजूंनी आलेले. भास्कराचार्यांच्या नावाने या जागेचा मान मोठा आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख इथलाच. इथलं महादेवाचं देऊळही जुनं, काळ्या दगडाचं.

इथे फक्त कृष्णधवल काढायचं ठरवलं होतं. एकोणिसाव्या शतकात देवळांचे आणि लेण्यांचे जे फोटो काढले गेले त्यांत आकाश बहुतेक कोरं पांढरं दिसतं. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला निळा उजेडच मुख्यतः कळायचा, तांबडा कळायचाच नाही. नंतर ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्म आल्या, त्यांना हिरवाही कळू लागला, पण तांबड्याला त्याही आंधळ्याच. तांबडा कळणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळायला विसावं शतक उजाडावं लागलं. डिजिटलवर हे करणं सोपं आहे. रंगीत रॉ फाइल कृष्णधवल करताना चॅनेल मिक्सरमध्ये, म्हणजे कुठला रंग किती धरायचा ते ठरवणाऱ्या साधनात, तांबडा शून्यावर आणायचा, निळा वाढवायचा, हिरवा थोडा ठेवायचा.

पायऱ्यांजवळ एका दगडाला शेंदूर फासलेला होता, ताजा, तेलाने चकचकणारा. साध्या कृष्णधवलमध्ये तो फिकट राखाडी आला, बाजूच्या दगडात मिसळून गेला. तांबडा काढून टाकल्यावर तोच शेंदूर डांबरासारखा काळा झाला आणि त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा एकेक दिसू लागल्या. दर्शनाला आलेल्या एका आजीचं लाल लुगडंही तसंच गडद झालं, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या खोल झाल्या. तांबूस कातडी ऑर्थोमध्ये गडद आणि खरखरीत दिसते. जुन्या फोटोंतली माणसं इतकी रापलेली का वाटतात, त्याचं निम्मं कारण हे आहे.

आजींनी विचारलं, "कथाईन उनात भाऊ?" नाशिकहून म्हटल्यावर स्क्रीनवर स्वतःचा फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "मन्ही माय दिखस हाई." ही तर माझी आई दिसते.

सोमवार : अमळनेर

पारोळ्यावरून अमळनेर. पारोळ्याच्या किल्ल्यापाशी चहापुरता थांबलो. दुपारच्या उन्हात तिथे काढण्यासारखं माझ्या हाती काही लागलं नाही.

साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते हे गाव, आणि १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून जिथे विप्रो उभी राहिली तेही हेच. मामाचं घर जुन्या वस्तीत, माळवदाचं. जेवण झाल्यावर मामीने आपणहून लग्नाचा अल्बम काढला. १९८४ सालचा. पानापानावर पातळ पांढरा कागद, कोपऱ्यांना फोटो अडकवलेले. सगळे फोटो तांबूस-तपकिरी झालेले.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, तुला हाच कलर पाहिजे ना? मस्त विंटेज!"

मामीने फोटोवर बोट ठेवलं. "अरे, हे असं नव्हतं. माझा शालू हिरवा होता. हिरवागार. इथे बघ, मातीसारखा दिसतोय."

मामीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात: निळसर सायन, गुलाबी मॅजेन्टा आणि पिवळा. त्या काळच्या कागदांत अंधारात, अल्बममध्ये मिटून ठेवलेल्या फोटोंचा सायन आधी उडायचा. उरतात मॅजेन्टा आणि पिवळा, म्हणून सगळं तांबूस. प्रिंटवरचा हिरवा हा सायन आणि पिवळा मिळून बनलेला. सायन गेला की शालू मातकट. म्हणजे आज ज्याला आपण जुन्या काळचा रंग म्हणतो ती एका थराची झीज आहे. भिंतीवर उजेडात टांगलेल्या फोटोची झीज पुन्हा वेगळी.

अल्बमच्या मागच्या खिशात एक पाकीट निघालं. त्यात निगेटिव्ह होते, चार-चारच्या पट्ट्या, नारिंगी. आजपर्यंत कुणी त्याला हात लावला नव्हता. मला इतका आनंद झाला की मामी हसायला लागली.

संध्याकाळ त्यातच गेली. टॅबलेटचा पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण उजळ केला, त्यावर थोडं अंतर ठेवून ट्रेसिंग पेपर, म्हणजे पडद्याचे ठिपके फोटोत येत नाहीत. वर काळ्या पुठ्ठ्यात निगेटिव्हच्या मापाची खिडकी कापून पट्टी धरली. कॅमेरा तिवईवर, तोंड खाली, मॅक्रो लेन्स. खोलीतले दिवे बंद. पट्टीची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायची, नाहीतर नवरा-नवरी बाजू बदलतात. मग लॅपटॉपवर डार्कटेबल, ते फुकट मिळतं. त्यात निगेटिव्हसाठी निगाडॉक्टर नावाचं खास मॉड्यूल आहे. पट्टीच्या कोऱ्या कडेवरून नारिंगी रंग उचलून द्यायचा, तो वजा होतो आणि चित्र सुलटं होतं.

पहिला फोटो सुलटा झाला तेव्हा मामी चष्मा लावून माझ्या मागे उभी होती. शालू हिरवा होता. पोपटीकडे झुकणारा, जरीचा काठ झळकणारा. मामांच्या कपाळावरचं कुंकू लाल, मांडवाचं कापड स्वच्छ पांढरं, त्यावर फ्लॅशचा थोडा निळसर उजेड. मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग मामांना हाक मारून म्हणाली, "अहो, इकडे या. शालू बघा माझा."

तो फोटो मी नंतर तासभर नुसता न्याहाळत होतो, कारण मला जे साधायचं होतं ते समोर होतं. कातडीचा रंग ऊबदार, पण पिवळा नाही. सावल्या किंचित हिरवट-निळ्या. सगळ्यात उजळ जागा, मामांचा फेटा, पांढरी असूनही भकभकीत नाही. तिच्या घड्या शाबूत. धार आजच्या फोटोपेक्षा कमी, पण डोळे मात्र स्पष्ट. फिल्मचा दाणा, म्हणजे बारीक रवाळपणा, मधल्या छटांत दिसतो, भिंतीवर, गालांवर. एकदम पांढऱ्यात आणि एकदम काळ्यात तो जवळजवळ नाही. डिजिटलचा खरखराट याच्या उलट, सावल्यांत भरतो. म्हणून आयएसओ वाढवून फिल्मचा दाणा मिळत नाही. फोटो स्वच्छ काढायचा आणि दाणा नंतर घालायचा, तोही फोटो शेवटच्या मापाला लहान केल्यावर. आधी घातला तर लहान करताना तो पुसला जातो.

झोपण्यापूर्वी बाजारपेठेत एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना भेटून आलो. मामांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे अजून एक आग्फा क्लिक थ्री आहे. चौकोनी फोटो, १२० च्या रोलवर बारा, शटरचा वेग एकच. ऊन असेल तर एक खूण, ढग असेल तर दुसरी. इंदूचा रोल त्यांना आठवतो, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. "ऊन पाठीवर घ्यायचं आणि माणसाला हलू द्यायचं नाही, बस," ते म्हणाले. हळू शटर आणि लहान छिद्र, त्यामुळे भरपूर उजेड लागायचा. माणसं उन्हाकडे तोंड करून, डोळे किलकिले करून, हात शरीराला चिकटवून ताठ उभी राहायची. जुन्या फोटोची ओळख निम्मी त्या उभं राहण्यात आहे. माणूस आजच्यासारखा मान वाकडी करून उभा असेल तर वरून कोणताही रंग चढवा, फोटो आजचाच दिसतो.

मंगळवार : सारंगखेडा

पहाटे निघालो. बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचा करत सारंगखेडा. तापीच्या पुलावर धुकं होतं.

एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. देशभरातून घोडे येतात. रांगा लागलेल्या, दावणीला बांधलेले मारवाडी, काठेवाडी. चार पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी. आणि नुकरा, सबंध पांढरा, गुलाबी कातडीचा. काळ्या मातीची धूळ सकाळच्या उन्हात उडत होती. घुंगरांचा आवाज, चाल दाखवायला फेऱ्या मारणारे स्वार, कुठे ढोलकीवर नाचणारी घोडी.

एका मालकाच्या नुकऱ्यापाशी माझी अर्धी सकाळ गेली. पांढरा घोडा उन्हात म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याची खरी परीक्षा. निगेटिव्ह फिल्मला उजेड जास्त झाला तरी ती सावकाश भरत जाते, वरच्या टोकाला तिचा कर्व्ह हळूच आडवा होतो, म्हणून पांढऱ्यातही पांढऱ्याच्या छटा राहतात. डिजिटल सेन्सर एका हद्दीपर्यंत सरळ चढतो आणि तिथे भिंतीला धडकतो. पुढे नुसता कोरा पांढरा, त्यातून काहीही परत मिळत नाही. फिल्मवाले सावलीचा हिशेब धरून उजेड मोजायचे आणि थोडा जास्तच द्यायचे. डिजिटलवर फिल्मसारखं हवं असेल तर हिशेब उलटा: पांढऱ्याला सांभाळायचं, सावल्या नंतर उचलायच्या.

उजेड एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, कमी ठेवला. स्क्रीनवर फोटो अंधारलेला दिसत होता, पण घोड्याच्या मानेवरचे केस, नाकपुडीभोवतीची गुलाबी कातडी, पाठीवरून वाळलेल्या घामाची कड, सगळं जागेवर होतं. मालकांनी लगाम धरून घोडा माझ्याकडे वळवला. मी त्यांना म्हटलं, ऊन तुमच्या तोंडावर येऊ द्या, सरळ उभे राहा. ते फेटा नीट करून घोड्याशेजारी ताठ उभे राहिले, एक हात मानेवर. डोळे उन्हाने बारीक झाले. स्टुडिओवाल्या काकांनी सांगितला तसाच फोटो समोर उभा राहिला.

"माले दखाडा बरं," ते म्हणाले. पाहून म्हणाले, "हाऊ ते जुना फोटो दिखस! मना आजाना असा शे घरमा." त्यांच्या आजोबांचा असाच फोटो घरात आहे.

मग सूर्य घोड्यांच्या मागे घेऊन हेलिओसचं छिद्र पूर्ण उघडलं. धूळ, समोरचं ऊन, साध्या कोटिंगची काच. चित्रभर दुधाळ ऊब पसरली, मागच्या पताका गोल फिरल्यासारख्या झाल्या. हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये आणायला गेलं तर जमत नाही, कारण लेन्समध्ये विखुरणारा उजेड प्रत्येक वस्तूला वेगळा लागतो.

रात्री यात्रेत दिवे लागले. ५५०० वर बांधलेल्या कॅमेऱ्यात गुळाच्या जिलेबीवाल्याचा पिवळा बल्ब गडद केशरी झाला, पाळण्याच्या ट्यूबलाइट हिरव्या. एलईडीच्या माळा मात्र आजच्याच दिसतात, त्या चौकटीबाहेर ठेवल्या. बल्बभोवती तांबूस वलय येतं का, हे मामेभावाने विचारलं. प्रखर उजेड फिल्मच्या सगळ्या थरांतून आरपार जाऊन मागच्या तळावरून परततो आणि तळालगतच्या थराला, म्हणजे तांबडा टिपणाऱ्या थराला, आधी लागतो. म्हणून वलय तांबडं. पण फोटोच्या नेहमीच्या रोलला हे अडवणारा थर असायचा, त्यामुळे वलय अगदी पुसट. सिनेमाच्या फिल्मवरचं काळं अस्तर काढून विकलेल्या रोलवर ते ठळक दिसतं, आणि हल्ली सगळे त्याचीच नक्कल करतात. १९८४ च्या लग्नाच्या फोटोत मला ते हुडकूनही सापडलं नव्हतं. मी घातलं नाही.

बुधवार : जळगाव, आसोदा

धरणगावमार्गे जळगाव. आसोदा शहराला लागूनच, बहिणाबाई चौधरींचं माहेर. केळीच्या बागा, कपाशीची शेवटची वेचणी. एका शेतात भरताची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजत होती. आम्हाला बसवूनच घेतलं. हिरवी वांगी, मिरची, लसूण, कांद्याची पात, आणि कळण्याची भाकरी. कॅमेरा बाजूला ठेवला.

जेवणानंतर बागेत एकच गोष्ट पाहायची होती. डिजिटलचा हिरवा फार थंड आणि फार एकसारखा येतो, केळीच्या पानावर तर डोळ्यांत खुपतो. मामीच्या शालूचा हिरवा मी जवळ ठेवला होता. त्याच्याशी ताडून हिरव्याचा कल पिवळ्याकडे नेला, गडदपणा थोडा वाढवला, भडकपणा कमी केला. आकाशाचा निळा किंचित सायनकडे. काळा खोलच ठेवला. पानांवरून उन्हाची तिरीप गेली होती ती आता पानाचीच वाटू लागली. प्रत्येक फिल्म वेगळी, हेही लक्षात ठेवायला हवं: कोडॅक्रोम (१९३५ ते २००९) ही स्लाइडची फिल्म, तिचे काळे दाट आणि लाल भारदस्त, आणि अंधारात ठेवलेल्या तिच्या स्लाइड आजही तशाच रंगाच्या आहेत. विंटेज म्हटलं की फिकं, हे तिच्यापुढे टिकत नाही. आधी कुठली फिल्म आणि कुठला काळ ते ठरवायचं, मग स्लायडरला हात लावायचा.

संध्याकाळी जळगावात एका लॅबमध्ये प्रिंट काढायला दिले. मॅट कागद, भोवती पांढरी कड. "ऑटो करेक्शन बंद ठेवा," म्हटलं, कारण मशीन केशरी बल्ब पाहून रंग सरळ करून टाकतं. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रिंट काढून उजेडात धरला आणि विचारलं, स्कॅन कुठे केलं? डिजिटल आहे म्हटल्यावर त्याने बाकीचे सगळे प्रिंट स्वतः एकेक तपासून दिले.

मामीच्या लग्नाचे फोटो पोस्टाने जातील, सोबत निगेटिव्हसाठी बटर पेपरची नवी पाकिटं. नुकऱ्याचा ८ बाय १२ चा प्रिंट मामेभावाकडे दिला आहे. बाजार उठायच्या आत तो सारंगखेड्याला पोचवणार आहे.